आमच्या घरचं निवड मंडळ

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कोराडीच्या आमच्या क्वार्टरमध्ये माझी तीनदा मुलाखत झाली आणि तिन्ही वेळा मी नापास झाले. निवड मंडळात माझा नवरा, माझी सासू आणि नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली माझी मुलगी. यांच्यातल्या एकालाही विशेष शिक्षणातलं ओ की ठो कळत नाही. तरी मला नापास करताना तिघांचं एकमत झालं. एरवी आमच्या घरात भाजी कोणती करायची यावरही होत नाही.

खरी मुलाखत मेच्या पहिल्या सोमवारी होती. नागपुरातली एक विशेष शाळा, कायम शिक्षिकेची एकच जागा. मी बारा वर्षं पारशिवनीकडच्या गावांत फिरते आहे. जी मुलं शाळेपर्यंत येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी जाऊन शिकवायचं, असं माझं काम. कंत्राटावर. कंत्राट दरवर्षी संपतं आणि नवा आदेश येईपर्यंत मी घरात मांजरीसारखी फिरत असते. या जाहिरातीच्या वयाच्या अटीत मी काठावर बसत होते. पुढच्या वर्षी बसणार नव्हते. म्हणजे ही जागा गेली की कायम नोकरीचा विषय माझ्यापुरता संपला.

मी तशी भित्री बाई नाही हो. कॉलनीच्या गणेशोत्सवात निवेदन मीच करते. माईक बंद पडला तरी माझा आवाज पार सायकल स्टँडपर्यंत जातो. पण एक टेबल, टेबलामागे तीन माणसं आणि मधे झाकण ठेवलेला पाण्याचा ग्लास, एवढा देखावा मांडला की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून घरातच देखावा मांडून भीती मोडायची, असं ठरलं.

नवरा अध्यक्ष. ते वीज केंद्रात आठ तास मीटरच्या काट्यांकडे बघत बसतात, तसेच माझ्याकडे बघत बसले. इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी.

"आपलं नाव?"

"आता तेही सांगू का? वीस वर्षं झाले लग्नाले!"

"मॅडम, मंडळाशी मस्करी चालणार नाही. वजा दोन गुण."

मग त्यांनी कायद्यातले दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार विचारले. हे एकवीस प्रकार मला झोपेतून उठवलं तरी येतात. बसवून विचारलं की येत नाहीत. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, वाळलेल्या कपड्यांवरची वीज केंद्राची राख झटकताना मी त्यांची जपमाळ ओढत होते. दरवेळी वीसच भरायचे. गंमत म्हणजे निसटणारा प्रकार रोज वेगळा. काल जो गेला तो आज हजर, आणि आज दुसराच दांडीवर.

"मम्मी, तू प्रश्नाचं उत्तर देऊन मान वाकडी करते आणि थांबून राहते," मुलगी मोबाइलवर चित्रण करता करता म्हणाली. चित्रणात आवाज येतो म्हणून तिनं कूलर बंद करायला लावला होता. आम्ही चौघंही घामानं निथळत होतो. "असं वाटते की समोरच्यालेच काही समजत नाही."

खरं होतं. आमच्या कामात मुलाला काही विचारलं की मनात दहापर्यंत मोजायचं. त्याला वेळ लागतो, तो द्यायचा. बारा वर्षांत ही सवय इतकी मुरली आहे की भाजीवाल्याला भाव विचारूनही मी दहा मोजते. तो बिचारा घाबरून भाव उतरवतो.

सासूबाई एवढा वेळ तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"मी एक विचारू का वं?"

"विचारा ना आई. तुम्हीही मंडळात आहात."

"बारा वर्षं झाले तुले. मग अजून पर्मनंट काहून नाही झाली?"

मुलीनं मोबाइल खाली केला.

"आजी, असं नाही विचारत."

"काहून नाही विचारत? मी त्यायच्या जागी असती त सगळ्यात पहिले हेच विचारलं असतं. बाई चांगली आहे, मग इतके दिवस कोणी ठेवली काहून नाही?"

मी हसले. गणेशोत्सवात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकांना दिसेल असं हसले. पण तो प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मागेच लागला. त्याचं उत्तर मी वहीत अकरा वेळा लिहिलं. पहिली तीन उत्तरं शासनावर होती, पुढची चार नशिबावर. आठवं इतकं खरं निघालं की मी ते पान फाडून टाकलं. त्यात लिहिलं होतं की मी कधी कुणासमोर नीट बसून माझं काम सांगितलंच नाही.

सोमवारी सकाळी साडेआठच्या बसनं निघाले. तोंडाला दुपट्टा, खांद्याला शैक्षणिक साहित्याची भली मोठी पिशवी. मुलाखतीत पंधरा मिनिटांचा पाठ घेऊन दाखवायचा होता, विषय 'रंगओळख'. मुलीनं मला जाड कागदाची लाल आणि हिरवी अशी वीस कार्डं कापून दिली होती. कडा इतक्या सरळ की मला त्यांना हात लावायलाही भीती वाटत होती. बसमध्ये मी एकवीस प्रकार म्हणत होते. शेजारची म्हातारी म्हणाली, "बाई, स्तोत्र म्हणून राहिली का? कोणतं?" मी म्हटलं, "नोकरीचं." तिनं डोळे मिटून हात जोडले.

शाळेच्या व्हरांड्यात बाकावर आणखी एक उमेदवार बसली होती. निळा ड्रेस, वय असेल सव्वीस-सत्तावीस, पायाशी चाकांची बॅग. बॅग उघडली तेव्हा मला आत दिसलं. खणाखणांत लावलेलं साहित्य, प्रत्येकावर चिठ्ठी. माझी पिशवी म्हणजे त्यापुढे बाजाराचा दिवस होता. तिनं मला स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं आणि म्हणाली, "काकू, टेन्शन नका घेऊ." काकू! स्पर्धकानं काकू म्हटल्यावर माणसानं काय लढायचं?

मला आत बोलावलं. देखावा आमच्या घरच्यासारखाच होता. टेबल, तीन माणसं, झाकणाचा ग्लास. मधोमध अध्यक्षबाई, पांढरे केस, हातात पेन. फक्त एक फरक. खोलीत दोन मोठे कूलर विमानासारखे घोंघावत होते. घरी आम्ही कूलर बंद करून सराव केला होता!

"आपलं नाव?"

"अं?"

इथून सुरुवात झाली. मग मी गणेशोत्सवातला आवाज काढला आणि अध्यक्षबाई चक्क मागे सरकल्या. एकवीस प्रकार विचारलेच नाहीत कुणी. त्यांना भिंतीवरच्या घड्याळाची घाई होती. "पाठ दाखवा," त्या म्हणाल्या.

शाळेत प्रवेश घ्यायला आलेली एक मुलगी तिच्या आईसोबत आत आली. सात-आठ वर्षांची. सेरेब्रल पाल्सी, उजवा हात छातीशी घट्ट आवळलेला, बोलणं नाही. आई कुहीकडच्या खेड्यातून बसनं आली होती आणि माझ्याइतकीच घाबरलेली होती. मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

मी पिशवीतून कार्डांचा गठ्ठा काढला, रबर सोडलं आणि कूलरच्या वाऱ्यानं वीसच्या वीस कार्डं खोलीभर उडाली. एक अध्यक्षबाईंच्या ग्लासवर जाऊन बसलं. दोन टेबलाखाली गेली, बाकीची खिडकीच्या जाळीला चिकटली. मी घामाघूम. आणि काय झालं कळलं नाही, पण माझे पाय आपोआप दुमडले. मी जमिनीवर बसले. बारा वर्षं मी जमिनीवरच शिकवत आले आहे. ओसरीवर, गोठ्याशेजारी, खाटेच्या पायाशी. घाबरलं की माणूस घराकडे पळतो म्हणतात. माझं घर जमिनीवर निघालं. मंडळाला मी दिसेनाशी झाले. टेबलापलीकडून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले आणि तीन डोकी वर उगवली.

"ताई, बसा," मी त्या आईला म्हटलं. "पोरगी जेवली का?"

"हो. पण मॅडम, मले येत नाही शिकवाले."

"पिशवीत काय आहे तुमच्या?"

ती लाजली. पिशवीत ऊन लागू नये म्हणून ठेवलेला कांदा होता आणि बहिणीच्या घरी द्यायला आणलेल्या कैऱ्या. लालसर कांदा, हिरवी कैरी. मला याहून काय हवं होतं? मी दोन्ही आईच्याच हातात दिले.

"तुम्ही मागा तिच्याजवळ. 'लाल दे' म्हणा."

"मी?"

"तुम्हीच. हात खाली घ्या थोडे, तिच्या डोळ्यांसमोर. हं. आता म्हणा, आणि मग काही म्हणजे काही बोलू नका. मनात दहा मोजा."

"लाल दे माय," आई म्हणाली, आणि लगेच, "दे ना, दे, हा बघ—"

"मोजा, ताई."

ती ओठ घट्ट मिटून मोजू लागली. मुलीनं डावा हात काढला, कैरी ओढली आणि चाटली. चेहरा असा आंबट केला की आई हसली, मी हसले, टेबलामागूनही कुणीतरी हसलं. दुसऱ्यांदा मुलीनं काहीच केलं नाही. आई हिरमुसली. तिसऱ्यांदा मोजताना मीही मनातल्या मनात मोजत होते. सातवर मुलीची नजर हळूच वळली, कांद्यावर आली आणि तिथेच थांबली.

"बघा. डोळ्यांनी दिला तिनं."

आई तिच्याकडे बघत राहिली. "ही घरी पण असंच पाहते," ती हळूच म्हणाली. "मले वाटे, हिचं लक्षच नाही राहत."

घंटी वाजली. पंधरा मिनिटं संपली. मी गुडघ्यावर हात टेकून उठले. मुलीनं कैरी सोडली नाही, ती घेऊनच बाहेर गेली.

"मॅडम," अध्यक्षबाई म्हणाल्या, "पाठ मुलीचा घ्यायचा होता. तुम्ही तिला एकदाही हात लावला नाही. तुम्ही आईला शिकवलं."

तोपर्यंत मला हे कळलंच नव्हतं! मी एका घरी पंधरा दिवसांतून एकदा जाते. मधले चौदा दिवस शिक्षिका आईच असते. मी गेले की आईच्या हातात देते, हे माझ्या अंगवळणी इतकं पडलंय की आयुष्यातल्या शेवटच्या मुलाखतीतही मी माझा पाठ दुसऱ्याच बाईला घ्यायला लावला. हे मी त्यांना सांगितलं. वहीतल्या अकरा उत्तरांतलं एकही उत्तर नव्हतं ते. कूलरच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं.

"आमच्याकडे मुलं रोज येतात," डावीकडचे सर म्हणाले. सौम्यपणेच म्हणाले. "आया फाटकावरून परत जातात. वर्गात बारा मुलं असतात. तिथे तुम्हाला स्वतः शिकवावं लागेल. जमेल?"

माणसानं म्हणायचं असतं, "नक्कीच सर." सरावात मी ते दहा वेळा म्हटलं होतं. मी म्हटलं, "शिकावं लागेल, सर."

अध्यक्षबाईंनी पेन उचललं आणि काहीतरी लिहिलं. बरंच लिहिलं. चांगलं लिहिताना इतका वेळ लागतो की वाईट, हे बसमध्ये मी कोराडी येईपर्यंत ठरवत होते.

"जमिनीवर बसली?" नवऱ्यानं कपाळाला हात लावला. "त्यायच्यासमोर?"

"पाय गेले हो माझे."

"आणि तो प्रश्न?" सासूबाई म्हणाल्या. "पर्मनंट काहून नाही झाली, तो?"

"नाही विचारला, आई."

"मग त्यायले काही समजत नाही," असं म्हणून त्यांनी मंडळच बरखास्त केलं.

चार दिवसांनी यादी लागली. निळ्या ड्रेसवाली निवडली गेली. प्रतीक्षा यादीत मी पहिली. तिला रुजू व्हायला पंधरा दिवसांची मुदत आहे. ती आली नाही तर मला बोलावतील, आली तर नाही. इतकं सोपं.

तेव्हापासून मी रोज देवापुढे त्या मुलीसाठी हात जोडते. तिचं वाईट व्हावं असं माझ्या मनातसुद्धा येत नाही, तिनं मला पाणी दिलंय. तिला याच्यापेक्षा फार मोठी नोकरी लागावी, पुण्याला लागावी, परदेशात लागली तर अतिउत्तम, आणि मुदतीच्या उरलेल्या सहा दिवसांत लागावी. सासूबाई म्हणतात, "दुसऱ्याच्या पोरीसाठी इतकं मागणारी बाई पाहिली नाही मी." नवरा म्हणतो, मी मोबाइल न्हाणीघरातही नेते. नेते. नेणारच.

आज हे लिहायला बसले तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. मी उभी राहिले. घरात एकटी असूनही पदर सारखा केला.

"नमस्कार सर! बोलतेय सर!"

"मॅडम, गॅस एजन्सीतून बोलतो. तुमचं सिलिंडर उद्या सकाळी येईल."

"आभारी आहे सर. मी वेळेवर हजर राहीन."



"हो मॅडम," तो म्हणाला, "कोणीतरी त हजर राहाच लागन."