दांडीकडे बंद, गोलाकडे चालू

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका विजेला भिणारा माणूस अख्ख्या जबलपुरात दुसरा नसेल, आणि आमच्या सगळ्या नात्यागोत्यातली विजेची कामं मात्र तेच करतात. भाऊजींची सारी नोकरी कारखान्याच्या वीजखात्यात गेली. पण घरातल्या घंटीचं बटण दुरुस्त करायचं असलं तरी ते आधी अंगठी, घड्याळ आणि गळ्यातली माळ काढून कागदात बांधतात आणि ती पुडी घरच्या बाईच्या हाती अशी देतात, की जणू ती परत मागायला ते राहतील की नाही याचा नेम नाही. मग पायात रबराची चप्पल, चपलेखाली लाकडी पाट. डावा हात पाठीमागे पट्ट्यात खोचून ठेवतात, कारण दोन्ही हात लावले तर वीज एका हातातून शिरते आणि काळजातून दुसऱ्या हातात जाते, असं ते सांगतात. कोणतीही तार खोचताना तोंड फिरवून डोळे गच्च मिटतात. माझ्या मुलाच्या लग्नात ऐन वेळी मांडवातले दिवे गेले, तेव्हा त्यांनी नवरदेवाच्याच पायाखालचा पाट मागून घेतला. नवरदेव जमिनीवर उभा, भाऊजी पाटावर, आणि भटजी मंगलाष्टकं थांबवून पाहत राहिले. शिवाय त्यांना एक माणूस जवळ लागतो, हातात लाटणं घेतलेला. "मी चिकटलो तर मला हात लावायचा नाही," ते बजावतात, "लाटण्यानं हाणायचं. जोरात. नातं पाहायचं नाही."

हे लाटण्याचं काम एकदा माझ्यावर आलं, ते कम्प्युटरमुळे. आमची सून घरांचे नकाशे काढते. तो कम्प्युटर तिचा, माहेरून आणलेला. दीक्षितपुऱ्यातल्या या घरात ती आली त्याच आठवड्यात मला म्हणाली होती, "आई, बाकी सब आप देख लो, बस याला हात नका लावू." गोडच बोलली होती. पण मी तेव्हापासून तिच्या खोलीत झाडूसुद्धा दाराजवळूनच फिरवत होते. त्या दिवशी ती कुठलंसं बांधकाम पाहायला गेली होती आणि मला त्या कम्प्युटरच्या डब्यामागे कोळ्याचं जाळं दिसलं. जाळं दिसलं की मला राहवत नाही.

डब्याच्या मागे एक लहान बटण होतं. त्याच्या एका बाजूला गोल, दुसऱ्या बाजूला उभी दांडी. मी चौथीपर्यंत शिकले, तीही हिंदी शाळेत. तिथे वाक्य संपलं की दांडी मारायची. दांडी आली की थांबायचं, नाही थांबलं तर मास्तर हातावर पट्टी मारायचे. बटण दांडीकडे दाबलेलं होतं. म्हणजे मशीन थांबलेलं आहे, असं समजून मी निर्धास्त पुसलं. पुसून झाल्यावर सूनबाईला तयार मिळावं म्हणून बटण गोलाकडे केलं. मग खात्री करायला, ती दाबते तसं पुढचं मोठं बटण दाबलं.

काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. ना दिवा, ना आवाज.

तिचे सहा महिन्यांचे नकाशे त्यात होते आणि दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. मला वाटलं, ते सगळे माझ्या फडक्याला लागून निघून आले. फडकं झटकायचीही हिंमत होईना. तसंच घडी घालून देवाजवळ ठेवलं आणि भाऊजींना फोन केला.

"भाऊजी, मशीन बोलत नाही."

"कोणतं मशीन?"

"सूनबाईचं."

मग म्हणाले, "दूर बस. येऊन राहिलो मी."

पनागरहून स्कूटरवर तासाभरात आले. कागदाची पुडी माझ्या एका हातात, लाटणं दुसऱ्या. भिंतीच्या बोर्डात त्यांनी दुसरा दिवा लावून पाहिला, तो लागला. डब्याची तार काढून तिच्या जागी स्क्रीनची तार लावली, डोळे मिटूनच. डबा मुका तो मुकाच. मग तार काढून पेचकसानं बाजूचा पत्रा खोलला. त्यांचे हात इतके कापत होते की स्क्रू तीनदा खाली पडला. आतून एक हिरवी पट्टी काढून तिचे सोनेरी दात त्यांनी पेन्सिलच्या खोडरबरानं घासले, फुंकले आणि पट्टी परत बसवली.

"लाटणं खाली कर वो बाई, अजून चिकटलो नाही मी."

तार पुन्हा लावली. तरीही काही नाही. अडीच वाजले होते. तीनला सून येणार होती. मी रडायला लागले.

"हे पाह," भाऊजी म्हणाले, "डॉक्टरपाशी अन् मिस्त्रीपाशी लपवू नये. काय केलं तू?"

"पुसलं."

"ओल्यानं?"

"कोरड्यानं. अन् मागचं बटण चालू केलं."

"मागचं?"

"पूर्णविरामावर होतं. मी गोलावर केलं."

भाऊजी पाटावरून उतरले, डब्यामागे वाकले आणि किती तरी वेळ वाकूनच राहिले. "अवो, गोल म्हणजे शून्य. शून्य म्हणजे बंद. दांडी म्हणजे एक, म्हणजे चालू. दोनदा तार लावली मी इथं, अन् डोळे मिटून!" मग उभं राहून म्हणाले, "पण तुझंही बरोबर आहे. ज्यानं हे बटण बनवलं, तो आपल्या शाळेत नव्हता."

स्वयंपाकघरातून मागवलेल्या लाकडी चमच्याच्या टोकानं त्यांनी ते बटण दांडीकडे ढकललं. पुढचं मी दाबलं. आत पंखा घरघरला आणि आम्ही दोघंही दचकून मागे सरलो.

सामान आवरलं, सगळं शांत झालं, तरी त्यांना अंगठी घालता येईना. हात तसाच कापत होता.

"आता काहून भिता भाऊजी? झालं न?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. "हे भेवाचं नाही. चार-पाच महिने झाले. कपही दोन्ही हातांनी धरतो. तुझ्या ताईला वाटते, मी विजेलाच भिऊन राहिलो. वाटू दे. सांगू नको."

अंगठी मी घालून दिली. चहा न घेताच ते गेले.

सून आली, तिनं बटण दाबलं, मशीन सुरू झालं. सांगायची काही गरज नव्हती. पण मी दारात उभी राहून सगळं सांगून टाकलं, फडक्यासकट. तिनं एकेक नकाशा उघडून पाहिला.

"सब है, आई." मग वळून म्हणाली, "मौसाजी को पनागर से बुला लिया? मला फोन नाही केला?"

"भेव वाटलं."

"मशीनचं?"

मी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला ते समजलं असावं. मग पलंगावरचे कागद सरकवून म्हणाली, "बसा न इथे." त्या खोलीत मी पहिल्यांदाच बसले, अगदी काठावर.

ताईचा अधूनमधून फोन येतो. परवा म्हणाली, "यांचे हात लय कापून राहिले. तुझ्याकडे झटका-बिटका तर लागला नव्हता?"

"नाही वो ताई," मी म्हणाले, "तुला माहीत आहे न, किती भितात ते."

ताई हसली. तिचं हसणं संपेपर्यंत मी फोन कानाला धरून ठेवला.