वायरमनचं लग्न

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोजवळही नाही. वेळ मात्र नेमकी सांगू शकतो. चार वर्षांपूर्वी, होळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. फोन चार मिनिटं बारा सेकंद चालला. अलीकडे मी, मोताळ्यात आमच्या घराच्या गच्चीवर, एकटा. पलीकडे चिखलीचे एक निवृत्त गुरुजी. तिसरं कोणी नव्हतं — म्हणूनच तर हे इतकी वर्षं झाकून राहिलं.

पण फोनवर येण्याआधी विलासबद्दल सांगायला हवं. आणि वायरमनबद्दलही.

विलास माझा चुलतभाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. बसस्टँडजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. आईवडील गेलेले, घरात एकटाच. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो कॉमिक्स काढायचा. सोळा पानं, काळीपांढरी, मधे दोन पिना, किंमत वीस रुपये. शाळेतली पोरं बाजाराच्या दिवशी रांग लावून घ्यायची. त्याचा हिरो म्हणजे वायरमन. दिवसा लोकांचे पंखे दुरुस्त करतो, आणि गावावर संकट आलं की झूल पांघरून तारांवरून धावतो.

या वायरमननं लग्न करावं की नाही, यावर आमच्या घरी दोन वर्षं वाद चालला. विलास रात्री आमच्याकडेच जेवायचा.

"दादा, सुपरहिरोनं लग्न केलं का खल्लास," तो म्हणायचा. "व्हिलन पयले बायकोलेच उचलते."

"आमच्या लग्नाले बावीस वर्षं झाली," शोभा, माझी बायको, भाकरी वाढता वाढता बोलायची. "मले तर कोणी उचलून नेलं नाही बाप्पा. वाट पाहून राह्यली मी."

मी हसायचो नाही. माझं म्हणणं वेगळं होतं आणि ते मी गंभीरपणे मांडायचो. बिनलग्नाचा माणूस, अंगात एवढी ताकद, आणि रात्रंदिवस लोकांच्या गच्च्यांवरून फिरतो — अशा माणसाला मी तर भाड्यानं खोली दिली नसती. त्याला बायको हवी, रेशनकार्ड हवं, वेळेवर घरी यायचा धाक हवा. गावाला वाचवतो म्हणे! पण हा गच्चीवर नेमका कशाला आला होता, हे कोणी विचारायचं?

असा माझा स्वभाव. पतसंस्थेत मी हिशेब तपासतो. समोरचा हसला तरी का हसला, हे मला पाहावंसं वाटतं.

मग सातवा अंक आला. वायरमनचं लग्न!

मला आनंद व्हायला हवा होता ना? दोन वर्षं मी हेच तर मागत होतो. पण पहिला विचार आला — याचं मत एकाएकी का बदललं? मी तो अंक पाच वेळा वाचला. नवरी पाचव्या पानावर येते, शेवटपर्यंत राहते, एकूण एकतीस चौकटींत. आणि तिच्या साडीच्या काठावर पोपट आहेत. उजवीकडे एक, डावीकडे एक, मधे वेल.

ती साडी शोभाची होती.

पदर खोचायची पद्धतही शोभाची. ती डावखुरी आहे, उलट्या बाजूनं खोचते. आमच्या गल्लीत तसं कोणीच खोचत नाही. नवरीला चष्मा होता, शोभाला नाही. पण त्याचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं — ओळखू येऊ नये म्हणून लावलाय. त्याच महिन्यात मी ऑफिसात असताना विलास तीनदा दुपारी घरी येऊन गेला होता. शोभानंच सांगितलं होतं, जेवताना, सहज. इतकं सहज का सांगितलं? मी त्यातही काहीतरी शोधलं.

मी विचारलं का कोणाला? नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मला उत्तर नको होतं बहुतेक. मी फक्त चौकटी मोजत राहिलो.

त्याच आठवड्यात गुरुजींचा फोन आला. विलास महिन्याभरापूर्वी चिखलीला त्यांची मुलगी पाहून आला होता. अश्विनी तिचं नाव. दोन्ही घरांना पसंत होतं, बोलणी बाकी होती. आपल्याकडे बोलणीआधी चौकशी होतेच. माझा नंबर त्यांना कोणा नातेवाइकानं दिला होता. हा माणूस नेमकं बोलतो, असंही सांगितलं होतं.

"मोकळं सांगा," गुरुजी म्हणाले. "पोरीचा प्रश्न आहे."

मी सांगितलं. मुलगा कष्टाळू आहे, सुपारीचंही व्यसन नाही, दुकान स्वतःचं, कर्ज नाही. "पण..." असं म्हणून मी थांबलो.

"पण काय?"

"काही नाही. एकटा राहिलेला माणूस आहे. दुपारच्या वेळी लोकांच्या घरी येणं-जाणं जरा जास्त आहे. तुम्ही जाणते आहात."

यातला एक तरी शब्द खोटा होता का? मी पुन्हा पुन्हा तपासलंय. एकही नव्हता. खोटं बोललो असतो तर कदाचित कधीतरी पकडला गेलो असतो.

चार दिवसांनी चिखलीहून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. त्या रात्री विलास जेवायला आला नाही. शोभानं ताट झाकून ठेवलं आणि ती माझ्यासमोर बसून रडली.

"पोरीनंच त्याले विचारलं होतं," ती म्हणाली. "पाहाले गेला तवा. त्याच्या पुस्तकाचा विषय निघाला, तर म्हणे, तुमचा वायरमन लग्न काऊन करत नाही? त्या पोरीसाठी काढलं हो त्यानं ते. चष्मा तिचाच हाय. झूल त्याले डोळे मिटून काढता येते, पण निऱ्या काही जमेनात. म्हणून मले तीन दुपारी उभं केलं, वहिनी जरा पदर खोचा, वहिनी जरा वळा. तुमची माय समोर तूर निवडत बसेल होती, हसून हसून तिले ठसका लागला."

आई आतून म्हणाली, "हाव, पोपट म्याच काढाले लावले."

म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. मीच तेवढा एकतीस चौकटी मोजून बसलो होतो. तेव्हा लगेच फोन लावता आला असता. गुरुजींचा नंबर होता माझ्याकडे. दुसऱ्या दिवशीही लावता आला असता. मी लावला नाही. फोन केला तर आधी काय बोललो ते घरापर्यंत आलं असतं, शोभावर मी संशय घेतला हे तिला कळलं असतं, आणि त्या भीतीपुढे विलासचं लग्न मला लहान वाटलं. त्याच वैशाखात अश्विनीचं लग्न दुसरीकडे झालं.

विलासनं आठवा अंक काढला. त्यात बायको नव्हती. पोरांनी विचारलं, वायरमनची बायको कुठं गेली? "माहेरी," तो म्हणाला. त्यानंतर त्यानं एकही अंक काढला नाही.

आता तो छत्तीस वर्षांचा आहे. त्या स्थळात कोणीतरी मोडता घातला, हे त्याला कळलं आहे. कोणी ते माहीत नाही. म्हणून त्यानं नवा बायोडाटा छापला तेव्हा चौकशीसाठी खाली माझा नंबर टाकला. मला दाखवून म्हणाला, "दादा, तुमच्यासारखा सरळ माणूस नाही आपल्यात."

मागच्या मंगळवारी बीबी गावाहून एका मुलीच्या मामांचा फोन आला. मी सगळं चांगलं सांगितलं, 'पण' हा शब्द कुठेही येऊ न देता. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढा चांगला पोरगा हाय, तर मंग आतापर्यंत लग्न काऊन नाही झालं त्याचं?"

उत्तर मला माहीत होतं. ते फक्त मलाच माहीत आहे.

"योग असतो हो एकेकाचा," मी म्हणालो.