लोहकीस

माझ्या नवऱ्याचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा मी आधी चिडले. चहा बशीत सांडायचा आणि मी म्हणायची, नीट धरा की जरा. ते आठवलं की अजून स्वतःचाच राग येतो.

सीटी स्कॅनमध्ये मेंदूत आत खोलवर पांढरे डाग दिसले. औरंगपुऱ्यातले डॉक्टर म्हणाले, खनिजं साठलीत; कॅल्शियम की लोह, ते एमआरआयमध्ये कळेल. वयाबरोबर थोडं लोह सगळ्यांच्याच मेंदूत साठतं, पुरुषांच्या साधारण जास्त, बायकांच्या पाळी असेपर्यंत कमी. यांचं मात्र वयाच्या मानानं जास्तच वाटतंय.

रिक्षात हे म्हणाले, "तुला जन्मभर लोहाच्या गोळ्या, अन् साठलं माझ्या डोक्यात!" मी हसले. ते हसले नाहीत.

एमआरआयच्या दिवशी निघताना त्यांनी मला कपाटापाशी नेलं. "गॅसचं पुस्तक हितं. घराचे कागद या पिशवीत." तासाभराचं तर काम आहे, मी म्हटलं.

एमआरआय सेंटरवर त्यांचं घड्याळ, अंगठी, किल्ल्या माझ्या हातात आल्या. फॉर्म भरणाऱ्या मुलीनं विचारलं, "काका, अंगात कुठं लोखंड आहे का? रॉड, स्क्रू?"

"व्हय," हे म्हणाले. "डोक्यात."

तिचं पेन थांबलं. त्याच क्षणी मला सगळं कळलं: एमआरआयचं मशीन म्हणजे एक मोठा चुंबकच. मी शाळेत विज्ञान शिकवायची. दरवर्षी चुंबकाच्या धड्याला लोहकीस हेच आणायचे, वाळूजच्या कंपनीतून, कागदाच्या पुडीत. तिथं तीस वर्षं ते ग्राइंडिंग मशीनवर होते. आदल्या दिवशी मी घरी प्रयोग करून बघायची. खाली चुंबक धरला की कागदावरचा कीस ताडकन उभा राहायचा, आणि हे लहान पोरासारखे बघत बसायचे. गेले आठ दिवस त्यांना तोच कीस स्वतःच्या कवटीत दिसत होता. मला एका शब्दानं न बोलता दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून माणूस मरायला आला होता.

मुलीनं समजावलं, ते लोह रक्तातल्यासारखं पेशींत मिसळलेलं असतं, त्याचे तुकडे नसतात, काही ओढलं जात नाही. ग्राइंडिंगचं माझ्याकडून ऐकून डोळ्यांत कण नाही ना, म्हणून तिनं एक्स-रे मात्र काढून घेतला. तो स्वच्छ निघाला.

"खरंच नाय ना ओढणार?" त्यांनी मला विचारलं. तिला नाही, मला.

"नाही," मी म्हटलं. चुंबकाची भीती मला नव्हतीच. स्कॅनमध्ये काय दिसेल, याची होती.

दारापाशी ते वळले. "गॅसचं पुस्तक कुठंय, ध्यानात हाय ना?"

"नाही," मी म्हटलं. "मला सापडायचं नाही. तुम्हीच काढून द्या."