द्वारकाअक्कानं रांधलेला भात

दुपारी चार घास चिवडून मंदाकिनी ताट सारते आणि दिवाणावर आडवी होते. स्वयंपाकघरात सून मृणाल डब्यांना झाकणं लावते आहे. एक झाकण, मग दुसरं. तिसऱ्याचा आवाज येतो तो फार लांबून, शेजारच्या घरातून आल्यासारखा.

मंदाकिनीची थोरली जाऊ द्वारका फाल्गुनात गेली. तिला सगळे अक्का म्हणायचे. मुळशीकडल्या घरात दोघी जावांनी एका चुलीवर उभा जन्म काढला. अक्का रांधायची आणि मंदाकिनी चाखून मीठ-तिखट सांगायची. अक्का स्वतः सगळ्यांची पानं उठेपर्यंत काही तोंडात घालत नसे, त्यामुळे चव सांगायचं काम कायमचं धाकटीकडे आलं होतं. शेवटच्या आजारात अक्काच्या नाकातून पोटात नळी घातली होती. तरी ती खुणेनं मागायची ती एकच गोष्ट, आंबेमोहोराची पेज. गिळता येणार नव्हतीच. नुसती जवळ धर, वास घेते, एवढंच तिचं म्हणणं.

घरची आंबेमोहोराची खाचरं विकून टाकलेली, त्यांच्यावर बंगले उभे राहिलेले. मग मंदाकिनी शहरातली सुपरमार्केटं पालथी घालू लागली. प्रत्येक पिशवीवर आंब्याच्या मोहोराचं चित्र, आणि भात शिजला की वाफ येई, वास काही येत नसे. अक्का वाट बघत गेली. ती गेल्यावरही मंदाकिनीचा शोध थांबला नाही. नवी पिशवी आणायची, फोडायची, मूठभर शिजवायची आणि नाक लावून बसायचं. कपाटात अर्धवट पिशव्यांची रास झाली. पुढे भाताबरोबर बाकीचंही अन्न विटलं. आतून पांढरे निघणारे टोमॅटो, कापसासारखा पाव, जीवच नसलेल्या कोवळ्या काकड्या. मुलानं डॉक्टर केले. तपासण्यांत काही सापडलं नाही. मंदाकिनी मात्र वाळत चालली आहे.

आता तिच्या हातात ट्रॉली आहे.

ओळखीचंच सुपरमार्केट, पण माणूस एकही नाही. थंड हवा पायांना झोंबते. दोन्ही बाजूंना तांदळाच्या पिशव्या छतापर्यंत गेल्या आहेत. कोपऱ्यावर वळताच तिला सुपाचा आवाज येतो. खाली फरशीवर पाय पसरून अक्का बसली आहे. एकेक पिशवी दातांनी फोडते, सुपात ओतते, पाखडते. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. नाकात मात्र ती नळी अजून आहे.

"अक्का, तुम्ही इथं?"

"मग कुठं असणार? तू रोज इथंच येतीस की." अक्का मान वर करत नाही. "यातला एक दाणाही आपला नाही बघ. भूस आहे सगळं."

मंदाकिनी तिच्याशेजारी बसते. रडावंसं वाटतं, पण डोळे कोरडेच राहतात. "मी लई फिरले, अक्का. कुठंच मिळाला नाही."

"वर शोधत होतीस. खाली बघायचं होतंस." अक्का हातानं फरशीवरचा भुसा बाजूला करते. खाली चिखल आहे. मंदाकिनी हात घालते तर बोटांना पाणी लागतं आणि भाताची रोपं पोटरीपर्यंत उभी असतात. दोघी खाचरात वाकल्या आहेत. बांधाच्या कडेला जिथं लोकांनी बंगले बांधले तिथं नुसतं धुकं आहे. लोंब्या वाकल्या आहेत, आणि तो वास येतो. आधी पुसट, मग एकदम नाका-डोक्यात.

"आला ना?" अक्का विचारते.

"आला."

"चल मग. चूल पेटलीय."

वर बघावं तर दवाखान्यातल्या ट्यूबलाइटांचा पांढरा उजेड. अक्का गेली तोच वॉर्ड, त्याच लोखंडी खाटा. अक्काच्या खाटेखाली चूल मांडली आहे आणि पातेल्यात भात रटरटतो आहे. धूर मात्र नाही. वासासरशी बाकीच्या खाटांवरची माणसं एकेक करून उठतात, सलाइनच्या नळ्या ओढत खाली उतरतात आणि भिंतीकडेला पंगत धरून बसतात. प्रत्येकापुढे पत्रावळ आहे. पंगतीत एक जागा रिकामी आहे आणि तिथल्या पत्रावळीवर डाव्या हाताला मीठ वाढलेलं आहे.

"ही कुणाची?" मंदाकिनी विचारते.

"बस तू."

ती बसते. शेजारचा म्हातारा भाताचा घास तोंडात घालतो, चावतो, आणि पुन्हा रिकाम्या नजरेनं पत्रावळीकडे बघतो. पलीकडची बाईही तसंच करते.

"यांना आवडला नाही का, अक्का?"

"यांना कळतच नाही. मलाही नाही." अक्का पातेलं उचलून तिच्यापुढे येते. "इथं वास पुरा येतो, मंदा. पण जिभेवर ठेवला की माती. आंबट का गोड काय पत्ता लागत नाही. किती भात रांधला मी इथं आल्यापासून! सांगायला कुणी नाही." तिचा आवाज बारीक होतो. "तू खा नि सांग मला, कसा झालाय. तुझ्याबिगर कोण सांगणार?"

पळीभर भात पत्रावळीवर पडतो. मऊ, जरा चिकट, जसा हवा तसा. मंदाकिनीच्या तोंडाला पाणी सुटतं. कित्येक महिन्यांत सुटलं नव्हतं. पंगतीतली सगळी माणसं खाणं थांबवून तिच्या तोंडाकडे बघू लागतात. तिला ते दिसतं, आणि काय होतंय तेही उमगतं. या पानावरून उठता यायचं नाही. तरी भीती अशी वाटतच नाही. भूक तेवढी आहे. आणि समोर अक्का आहे, त्या पेजेखेरीज आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागणारी.

ती घास कालवते. हात वर नेते. हातातल्या बांगड्या खळकन कोपरापर्यंत घसरतात.

अक्काची नजर त्या मनगटावर पडते. ती बघतच राहते.

"हे काय गं झालंय हाताचं?"

"काही नाही. वाढा तुम्ही."

"जेवत नाहीस तू?"

"कशाला चवच नाही, अक्का. सगळं सारखंच लागतं. तुम्ही गेल्यापासून—"

तापलेली पळी सपकन तिच्या हातावर बसते. घास उडून जातो. मंदाकिनी किंचाळते, पण आवाज फुटत नाही. उभ्या जन्मात अक्कानं तिच्यावर हात उगारला नव्हता.

"ऊठ." अक्काचं तोंड वेडंवाकडं झालं आहे, नाकातली नळी हलते आहे. "ऊठ पानावरून! बेचव तर बेचव, तिथलं खा. ऐकू येतंय का? तिथलं खा!"

"आणि तुम्हाला कोण सांगणार, कसा झालाय?"

अक्का पाठ फिरवते आणि पुढच्या पानावर वाढायला लागते. तिथला म्हातारा घास घेतो, चावतो, आणि काहीच बोलत नाही.

"आई? अहो आई, काय झालं? कण्हत होतात."

मृणाल दिवाणाशी वाकून उभी आहे. खिडकीतून चारचं ऊन आत आलं आहे. मंदाकिनी उठून बसते. उजव्या हाताचा पंजा ठणकतो आहे.

"अगंबाई, हे कशानं भाजलं?" मृणाल तिचा हात धरते. "गॅस तर मघापासून बंद आहे."

पंजाच्या मागच्या बाजूला लालभडक डाग उठला आहे आणि त्याच्या मधोमध भाताचं एक शीत चिकटलं आहे. त्यातून अजून बारीकशी वाफ निघते आहे. मंदाकिनी हात नाकाशी नेते. पुढे ओठांशी नेते. तिथंच थांबते.

"मला काहीतरी वाढ," ती सुनेला म्हणते.

"काय वाढू? तुम्हाला आवडेल असं काही—"

"असेल ते वाढ."

ती मोरीशी जाते आणि नळाखाली हात धरते. शीत लगेच सुटत नाही. मग सुटतं, पाण्यावर एकदा गरगरतं आणि जाळीतून खाली जातं. भाजल्या हातावर पाणी तसंच पडत राहतं, आणि मंदाकिनी तोंडाला सुटलेलं पाणी गिळत तिथं उभी असते.