कॉईल आणि दसऱ्याची बादली

सन २०२४, आश्विन महिना. पाऊस उतरला होता, ऊन तापत होतं आणि दसरा तोंडावर होता. आमच्या लालबागच्या गल्लीत जुन्या गाड्यांच्या कॉईल याच दिवसांत मरतात. मेलेली कॉईल भंगारात जाते, तिचा किस्सा गल्लीतच राहतो. असे किती साचले, मोजले नाहीत.

गाड्या तीन. एक माझी. मी मिस्त्री. एक सावंतची, तो पूर्वी टॅक्सी चालवायचा. एक कांबळेची, तो बस डेपोतून रिटायर झालेला. कॉईल म्हणजे बॅटरीचा करंट वाढवून ठिणगी पाडणारा डबा. तो तापला की गाडी रस्त्यात बंद, गार झाला की पुन्हा चालू. त्यामुळे दोष लपून राहतो आणि भांडणं होतात.

म्हणून आमचा एक नियम आहे. बिघाड ज्याने चुकीचा सांगितला, त्याने दसऱ्याला समोरच्याची गाडी धुवायची. स्वतःच्या हाताने, सगळ्या गल्लीसमोर. माझ्या हाती ती बादली कधी आली नव्हती.

*

सावंत मच्छीमार नगरातून बांगडे घेऊन येत होता. भर दुपारी गाडी बंद. मला फोन केला.

"मिस्त्री, पेट्रोल चढत नाय!"

"कॉईल आहे. ओलं फडकं टाक तिच्यावर."

"पाणी नाय हो!"

"मग बर्फ टाक."

त्याने टोपलीतला बर्फ काढून कॉईलवर ठेवला. गाडी सुरू झाली. म्हणजे कॉईलच. बादली सावंतला.

पण बर्फ बांगड्यांचा. गाडीचा वास काही जाईना. सावंतवहिनी खिडकीतून म्हणाल्या, "आता हॉर्न कित्याक वाजवतंस? गाडी इली ती वासावरसून समाजता!"

*

ठिणगी बघायला लोक वायर पक्कडीत धरतात. मी हातात धरायचो. त्याचा मला अभिमान होता.

एकदा सेल्फ मारायला सावंतला बसवलं. त्याने जरा जास्तच मारला. झटका असा बसला की माझी वरची कवळी सुटून बॅटरीच्या मागे पडली.

सावंत आतून ओरडला, "मिस्त्री, स्पार्क हा काय?"

मला बोलता येईना. कांबळेने वाकून बघितलं आणि उत्तर दिलं, "स्पार्क आहे. दात नाहीत!"

कवळी त्यानेच काढली, धुतली, रुमालात दिली. मी रुमाल परत केला नाही.

*

सावंतची गाडी पुन्हा बंद पडली. मी सांगितलं, कॉईल. नवी बसवली. गाडी सुरू होईना. प्लग काढले, पॉइंट घासले. गाडी ढिम्म.

कांबळेने टाकीचं झाकण उघडून आत नाक घातलं. "मिस्त्री, आत नुसता वास आहे." काटा बिघडलेला, पेट्रोल संपलेलं.

"कॉईल जुनीच होती," मी म्हणालो. "आज नाही तर उद्या गेली असती."

बादली मी उचलली नाही. कांबळे हसला. "पेपर यांचा, तपासणारेही हेच. नापास कोण होणार!"

*

त्याच कांबळेच्या गाडीची कॉईल दीड वर्षापूर्वी मी बदलून दिली. काही महिन्यांत ती भाजली, तशीच दुसरी बसवली. इंजिन बंद असताना चावी चालू राहिली की कॉईल भाजते. मी गल्लीत सगळ्यांसमोर बोललो, "चावी चालू ठेवून रेडिओ ऐकत बसतोस."

"मिस्त्री, माझा रेडिओ बंद पडून किती वर्षं झाली!"

"मग झोपत असशील."

बादली मी त्याच्याकडे सरकवली. दसऱ्याला त्यांचा धम्मचक्र दिन. पांढरा सदरा घालून तो वहिनींना घेऊन चैत्यभूमीला निघतो. त्यांचे गुडघे गेलेत, गाडीशिवाय जमत नाही. गेल्या वर्षी आधी त्याने माझी गाडी धुतली. सदऱ्याच्या बाह्या वर करून, चाकांसकट. वहिनी दारात खुर्चीवर बसून वाट बघत होत्या. मी उभा राहून सांगत होतो, इथे राहिलं, तिथे राहिलं.

*

यंदा कॉईल पुन्हा भाजली. मी तोंड उघडण्याआधी कांबळेने चावी माझ्यासमोर धरली.

"नवी बसवा आणि ही तुमच्याकडेच ठेवा. गाडीही तुम्हीच चालवा. मी हात लावत नाही."

मी तशीच नवी कॉईल बसवली. दादरला गेलो, परत आलो. चावी स्वतः काढली, खिशात टाकली. बॉनेट उघडून कॉईलला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. बोटं पोळली.

चावी तर माझ्या खिशात होती.

गार झाल्यावर कॉईल काढली, पुसली. अंगावर बारीक इंग्रजी अक्षरं होती. जन्मभर मी कॉईल वजनावर आणि आकारावर घेतल्या. चौथीपर्यंत शिकलो, तेही मराठीत. सावंत समोर चहा पीत होता. मी कॉईल कांबळेच्या हातात दिली.

"वाच."

त्याने चष्मा लावला. वाचलं. मग माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "या कॉईलला बाहेरून वेगळा रेझिस्टर जोडावा लागतो. नाही जोडला तर भाजते."

त्याच्या गाडीत तो नव्हता. तीनही वेळा कॉईल मीच निवडली होती.

सावंत उठला. "काय रे, काय लिवलंय?"

कांबळेने कॉईल फडक्यात गुंडाळली. "काही नाही. कंपनीचं नाव."

*

दसऱ्याला उजाडायच्या आत कांबळेच्या गाडीत बरोबर कॉईल बसवली. मग नळावर गेलो. गल्ली जागी होत होती. झेंडूवाल्याची पाटी उतरत होती. सावंत ब्रश तोंडात धरून बाहेर आला आणि तसाच उभा राहिला.

"मिस्त्री? बादली तुमच्या हातात? हरलो कोण?"

मी टप धुतला. दारं धुतली. खाली बसून चारही चाकं धुतली. वहिनी बसतात त्या बाजूची काच दोनदा पुसली.

दोघं पांढऱ्या कपड्यांत खाली उतरले. मी दार उघडून धरलं. वहिनी हळूहळू आत बसल्या. कांबळेने माझ्या ओल्या बाह्यांकडे बघितलं, खिशातून रुमाल काढला आणि माझ्या हातात ठेवला.

गाडी एका सेल्फला सुरू झाली.

मी बादली पालथी घातली.