गाडी विकली, चावी नाही

सात डिसेंबर, रविवार. सकाळचा चहा झाल्यावर टेप घेऊन शेड मोजायला काढली. गाडी लांब होती आणि शेड आखूड. प्लॅस्टिकची पाण्याची टाकी कोपऱ्यातून हलवली आणि जुने टायर भंगारात दिले, तर बॉनेट आत बसेल, असा हिशेब निघत होता.

"बसेल, पण दार उघडून तू बाहेर कुठून येणार?" टेपचं दुसरं टोक धरून नवऱ्याने विचारलं.

"खिडकीतून. तुम्ही टेप सरळ धरा."

गाडी अजून घेतलेली नव्हती. दुपारी धुळ्याला जाऊन सौदा पक्का करायचा होता. पण शेड आधी मोजायची, हा माझा स्वभाव.

मी जळगावात ड्रायव्हिंग स्कूल चालवते. आमच्या धंद्यात शिकवणाऱ्याची जागा डावीकडे. पायाखाली जादा ब्रेक, जादा क्लच, उजवा हात गिअरवर, आणि स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात. या जागेवर बसून मी आमच्या अर्ध्या मेहरूण भागाला गाडी शिकवली. डॉक्टर, नवऱ्या मुली, रिटायर झालेले मास्तर, सगळे माझ्या शेजारी बसून घाबरले. रोज आठ तास डावीकडे बसायचं आणि दुसऱ्याच्या चुका पायाने निस्तरायच्या. माणूस संशयी होतो. समोरचा ब्रेक दाबेल यावर माझा विश्वास उरलेला नाही, आणि ते रस्त्यापुरतंच राहत नाही.

पन्नाशीच्या बाईला अमेरिकन मसल कार कशाला हवी, असं सगळ्यांनी विचारलं. मसल कार म्हणजे लांब बॉनेट, दोनच दरवाजे, मागे नावाला सीट, आणि आत गरजेपेक्षा कितीतरी मोठं आठ सिलिंडरचं इंजिन. पन्नासेक वर्षांपूर्वी तिकडची तरुण पोरं सरळ रस्त्यावर पळवायला अशा गाड्या घेत. मला पळवायची हौस नाही. पण तिकडच्या गाडीला स्टेअरिंग डावीकडे असतं. म्हणजे माझ्या जागेवर. एवढंच कारण होतं, आणि ते मला पुरेसं वाटत होतं.

अशी पहिली गाडी भडगावला पाहिली होती. फोटोत लालभडक, चाकं चकचकीत. आम्ही फाटकाशी उतरलो तोच आतून मालकाने ती सुरू केली आणि मी परत वळले. डिझेलची टकटक होती. तरी बॉनेट उघडून पाहिलं. आठ सिलिंडरच्या जागेत जीपचं इंजिन, म्हशीच्या गोठ्यात शेळी बांधावी तसं. "वरातीला चालते ना पण," मालक म्हणाला. नवरदेवाला पायी चालण्याच्या वेगाने न्यायचं, त्याला आठ सिलिंडर कशाला, हे त्याचं म्हणणं. त्याच्या जागी ते बरोबरच होतं.

त्यानंतर मी पर्समध्ये लोहचुंबक ठेवायला लागले. पत्र्यावर रंगाखाली पुट्टी भरलेली असेल तर चुंबक चिकटत नाही. माणसांसाठी असं काही मिळत नाही.

धुळ्याला निघताना चाचांना बरोबर घेतलं. चाचा माझ्या स्कूलच्या गाड्या दुरुस्त करतात. त्यांचा संशय माझ्याहून जुना आहे. पारोळ्याच्या पुढे ते म्हणाले, "मॅडम, हे पण डिझेलच निघणार. लिहून देतो."

"लिहून नको. गप बसा."

मालक म्हणजे ऐंशीच्या आसपासचे एक नाना. गावाबाहेर मळा, पुढे ओटा, ओट्याला लागून पत्र्याची शेड. सगळा जन्म बैलांच्या दलालीत गेलेला. गाडी मूळ कापसाच्या एका जिनिंगवाल्या शेठची. शेठला पेट्रोल परवडेना आणि बैलजोडी हवी होती, नानांकडे बैलजोडी होती. अदलाबदल झाली. कागद मात्र स्वच्छ होते. मी आरटीओत आधीच तपासून घेतले होते, त्यातही डाव्या स्टेअरिंगची नोंद दोनदा वाचली.

गाडी शेडमध्ये उभी होती. फिकट निळी, थोडी उन्हाने विटलेली. मी सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम.

गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवणारा माणूस काहीतरी लपवतो. थंड गाडी कशी सुरू होते, किती धूर टाकते, ते त्याला दाखवायचं नसतं. मी चाचांकडे पाहिलं. चाचांनी भुवई उचलली.

"नाना, गाडी तापलेली कशी?"

"फिराई लयनू ना," नाना म्हणाले. "गिऱ्हाईक येवाना पह्यले बैल फिरावना पडस."

बैलाचं मला माहीत नाही, असं मी म्हटलं. त्यांना हसू आलं. मला नाही आलं.

बॉनेट उघडलं. आठ सिलिंडर होते. चाचांनी वाकून, झोपून, बॅटरी मारून पाहिलं आणि हिरमुसले. डिझेल निघालं असतं तर त्यांना जास्त आवडलं असतं. माझा चुंबक मागच्या डाव्या चाकावरच्या पत्र्यावरून घसरला, बाकी ठिकाणी चिकटला. तेवढी पुट्टी मी मनात टिपून ठेवली.

मग चालवून पाहिली. नाना उजवीकडे बसले. चावी त्यांनी स्वतः लावली, स्वतः फिरवली. काळ्या दोऱ्यात बांधलेली जुनी चावी, तिला एक घुंगरू. मी डावीकडे बसले, उजवा हात आपोआप गिअरवर गेला आणि समोर स्टेअरिंग होतं. पहिल्या वळणाला मी सवयीने पायाखाली जादा ब्रेक शोधला. नव्हता. ब्रेक एकच, आणि तोही दाबायला जड. गाडी ब्रेकला डावीकडे ओढत होती. हायवेच्या सर्व्हिस रोडवर तिसऱ्या गिअरमध्ये थोडं दाबलं तर बॉनेट उचलल्यासारखं वाटलं आणि पाठ सीटला टेकली. मी लगेच पाय काढला. मला गाडी हवी होती आणि ते तोंडावर दिसू द्यायचं नव्हतं.

परत आल्यावर नानांनी गाडी बंद केली, चावी काढून खिशात टाकली. एवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. ऐकू कमी येतं म्हणून ते नेहमी स्पीकरवरच बोलतात. इंदूरचा एक माणूस होता. कल दोपहर तक पहुँचेंगे, गाडी किसी को मत देना. नाना म्हणाले, आवो.

हा इंदूरवाला प्रत्येक विकणाऱ्याकडे असतो. तो कुणाचा तरी भाचा असतो आणि शेजारच्या खोलीतून फोन करतो. चाचा म्हणाले, "आवाजामागे एमपीच्या एसटीचा हॉर्न होता." एमपीतली एसटी कधीच बंद पडली, मी म्हटलं. पण माणूस खरा असेल तर उद्या दुपारी गाडी गेलीच. अशी दुसरी मला पुन्हा कुठे मिळणार होती?

भाव ठरवायला आम्ही ओट्यावर बसलो. नानांनी खांद्यावरचा रुमाल काढून हातावर पसरला आणि थांबले. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात, म्हणजे आजूबाजूच्यांना कळत नाही. पण परक्या बाईचा हात धरायचा कसा? त्यांनी रुमाल चाचांपुढे केला. मी म्हटलं, गाडी मी घेतेय. मग त्यांनी आत हाक मारली. त्यांच्या मंडळी, अक्का, पदर सावरत आल्या, त्यांच्याशी रुमालाखाली बोटं दाबली, आणि अक्कांनी तीच बोटं माझ्या हातावर दाबली. मी माझी दाबली. त्या परत नवऱ्याकडे वळल्या.

"लगीन व्हयनं तवयपाईन आज पह्यल्यांदा चारचौघात हात धरा यास्नी," अक्का मला म्हणाल्या.

"जोरमा दाबू नको," नाना म्हणाले. "भाव चढस."

ठरलं. आकडा रुमालाखालीच राहू दे. माझ्या अपेक्षेपेक्षा तो कमी होता, आणि तेच मला खटकलं. एवढी गाडी एवढ्यात का देतो हा माणूस?

फोनवरून पैसे पाठवायच्या आधी मी हात पुढे केला. "चावी द्या, नाना."

नाना म्हणाले, "गाडी तुमनी, ताई. चावी मनी शे."

मला वाटलं, थट्टा. नाही. गाडी घेऊन जा, कागद घेऊन जा, स्टेपनी घेऊन जा, चावी मिळणार नाही. "तुमनी तुम्ही आना," ते म्हणाले. तशीच दुसरी बनवून घ्यायला तरी द्या म्हटलं, तर तेही नाही. का, तर देत नसतात. एवढंच. अक्का पण मान हलवत होत्या, जणू मी त्यांच्याकडे त्यांचं मंगळसूत्र मागितलं होतं.

चाचांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, साफ आहे. कमी भावात विकायची, चावी ठेवायची, चार दिवसांनी तुमच्या शेडमधून घेऊन जायची. मग इंदूरला परत विकायची."

ते खोटं वाटत नव्हतं. जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे झालेलं मी ऐकलं होतं. मी ओट्यावर पाहिलं. भिंतीला खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्यावर एक जुनी दोरी गुंडाळून टांगलेली. गोठ्यात एकही जनावर नव्हतं आणि दोऱ्या एवढ्या. शेवटचा खिळा नवा होता, रिकामा. तोही मला आवडला नाही.

"उद्यापर्यंत विचार करते," मी म्हटलं.

"उद्या इंदूरवाला येस," नाना म्हणाले. धमकी नव्हती, पण मला धमकीच ऐकू आली.

परतीच्या वाटेवर चाचा खूश होते. डिझेल नाही निघालं, पण चोर तर निघाला. धरणगाव फाटा गेला तरी माझा उजवा हात तो गिअर धरल्यासारखा मांडीवर पडला होता.

घरी नवरा टाकी हलवून घाम पुसत बसला होता. त्याला सगळं सांगितलं. तो रावेरकडचा, केळी-कपाशीच्या घरातला. चावीपर्यंत आल्यावर तो हसायलाच लागला.

"अगं, बैल विकताना दावं देतात का कोणी?"

"म्हणजे?"

"जनावर विकायचं, गळ्यातलं दावं ठेवून घ्यायचं. घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं. दाव्याबरोबर दावणीची बरकत जाते म्हणतात. आमचे आबा तर दावं सोडून घ्यायचे आणि मगच हळद-कुंकू लावायचे. तुझ्या माहेरी बैल कधी बांधला असता तर कळलं असतं."

"माझ्या माहेरी सायकल होती. विकली तेव्हा कुलपासकट दिली."

पण मला त्या खिळ्यांवरच्या दोऱ्या दिसल्या. जन्मभर विकलेल्या बैलांची दावी. आणि शेवटचा रिकामा खिळा.

तरीही. दावं हाती राहिलं म्हणून बैल चोरता येत नाही, बैलाला कुठलीही दोरी चालते. चावीचं तसं नाही. म्हातारा दावं म्हणून ठेवत असेल, त्याचा एखादा नातू चावी म्हणून वापरेल. मी चाचांना फोन केला. इग्निशनचं नवं कुलूप हवंय, कुठल्याही गाडीला बसणारं.

"माझ्याकडे ट्रॅक्टरचं आहे, मॅडम."

"ट्रॅक्टरचं नको. ट्रॅक्टरच्या चाव्या सगळ्यांना सगळ्या लागतात."

सोमवारी उजाडताच नवरा, चाचा आणि मी स्कूलच्या गाडीतून निघालो. न कळवता. पोहोचलो तेव्हा नाना दात घासत होते. मी सरळ शेडमध्ये जाऊन बॉनेटवर हात ठेवला. थंडगार.

"नाना, दावं माझं मी आणलंय," मी म्हटलं. "चावी तुमची तुम्हाला. पण आधी गाडी माझ्यासमोर थंड सुरू करून दाखवा."

त्यांनी तोंड धुतलं, चावी आणली. चौथ्या खेपेला सुरू झाली. आधी ढगभर पांढरा धूर टाकला, खोकली, मग लय धरली. असं होणार, हे मला आदल्या दिवशीच कळायला हवं होतं. त्या धुराचे मी भावातून थोडे कमी मागितले. पुन्हा रुमाल आला, पुन्हा अक्का आल्या. मिळाले.

चाचांनी जुनं कुलूप काढून नवं बसवलं. नाना शेजारी उभं राहून बघत होते. मी लपवलं नाही. "नाना, आता तुमची चावी या गाडीला लागणार नाही."

"मंग बरं," ते म्हणाले. "दावं रिकामंच ऱ्हास."

त्यांनी घुंगराची चावी ओट्यावर नेली आणि शेवटच्या खिळ्याला टांगली. एवढ्यात मोबाइल वाजला. स्पीकरवर इंदूरवाला होता, सेंधव्यापर्यंत पोहोचलेला. "इकी टाकी, भाऊ," नाना त्याला म्हणाले. तिकडून बरंच काही ऐकू आलं. तो भाचा नव्हता.

मी पैसे पाठवले. अक्कांनी बॉनेटला हळद-कुंकू लावलं. नवरा स्कूलच्या गाडीतून मागे निघाला, चाचा माझ्या उजवीकडे बसले. मी नवी चावी फिरवली आणि गाडी फाटकाबाहेर काढली. हायवेला समोर एक उसाचा ट्रॅक्टर आला तसा चाचांचा पाय खाली जोरात दाबला गेला.

"तिथे ब्रेक नाही, चाचा," मी म्हटलं. आणि मागच्या आरशात पाहिलं, कोणी येतंय का.