शिंप्याची खोली

गंभीर मानसिक आजाराच्या लोकांसाठी सरकारच्या योजना होत्या: औषधं, निवारा, पेन्शन. प्रत्येक योजना वेगळ्या खात्याची. त्यांची मोट बांधायचं काम समन्वयकबाईंकडे. नवरा चेष्टेनं म्हणायचा, "हिची नोकरी म्हणजे दोन खात्यांच्या मधे उभं राहून दोघांच्या शिव्या खायच्या." हल्ली त्यावर बाईंना हसूही येत नव्हतं.

एका शिंप्याचंच बघा. मनोरुग्णालयात त्याची उमेदीची वर्षं गेली. आता तो चांगला सावरला होता, तरी तिथेच. रुग्णालय म्हणे, घर मिळालं की सोडतो. निवारा खातं म्हणे, सोडलं की घर देतो. बाईंनी दोन्हीकडचे उंबरे झिजवले. त्याच्या बहिणीकडेही गेल्या.

"भाऊ आहे माझा, नाही कशी म्हणू?" बहीण दारातच म्हणाली. "पण ताई, मी आता थकले हो."

बाईंना तिचा राग आला नाही.

अखेर मोठ्या साहेबांच्या खनपटीला बसून त्यांनी खोली मिळवली. आठवडाभरातच तिथल्या देखरेखवाल्या मावशींची तक्रार आली, "डबा द्यायला दार ढकललं की हा आत उभाच. बाहेर म्हणून पडत नाही."

बाई गेल्या. दार लोटलेलं होतं. त्यांनी टकटक केली.

आतून शिंपी म्हणाला, "अजून कुणी उघडलं नाही."

बाईंच्या लक्षात आलं. इतकी वर्षं त्याचं दार दुसऱ्यांनीच उघडलं होतं.

"कुलूप नाहीये हो. तुम्हीच ओढा."

"मी ओढलं तर चालेल?"

"चालेल."

दार हळूच उघडलं. शिंपी जिन्यापर्यंत गेला, खाली डोकावला, परत आला. "ऊन आहे," म्हणाला.

बाई खुर्चीत टेकल्या, तो त्यांचा डोळाच लागला. जाग आली तेव्हा त्यांचा फोन शिंप्याच्या हातात होता.

"साहेबांचा होता. सांगितलं, बाई झोपल्यात."

"अरे देवा! मग?"

"कोण बोलतंय विचारलं. म्हटलं, या खोलीत राहतो मी."

बाईंनी तोंडावर पाणी मारलं आणि साहेबांना फोन लावला. साहेब ओरडले नाहीत. आणखी एका बाईला रुग्णालयातून सोडायचं होतं, आणि खोली शिल्लक नव्हती.

"बघते," बाई म्हणाल्या आणि पर्स उचलून जिना उतरू लागल्या.